रात्री पाय शांत बसत नाहीत, आणि आयर्नच्या सलाईनचं बिल झेपत नाही

पत्र (थोडं छोटं करून देतेय):
"ताई, माझं वय 42. गेली काही वर्षं रात्री आडवं झालं की पायांत आतून काहीतरी सरपटल्यासारखं होतं, हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चाललं की बरं वाटतं आणि परत पडलं की परत सुरू. न्यूरॉलॉजिस्टनी रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम सांगितलाय. हिमोग्लोबिन 12.6, फेरिटिन 34. तीन महिने आयर्नच्या गोळ्या घेतल्या, दिवसातून दोन, जेवणानंतर. फेरिटिन झालं 37. आता ते म्हणतात इन्फ्युजन घ्या. हॉस्पिटलने एक रात्र ॲडमिट धरून जो आकडा सांगितला तो माझ्या महिन्याच्या पगाराच्या वर जातो. इन्शुरन्सवाले म्हणतात हिमोग्लोबिन नॉर्मल आहे, क्लेम बसत नाही. फॅमिली डॉक्टर म्हणतात एवढ्या खर्चात पडू नका, पार्किन्सनला देतात ती गोळी स्वस्त आहे, ती चालू करा. झोप लागावी म्हणून मी सर्दीची गोळी घेते, ॲसिडिटीची रोज चालू आहे, आणि पाळीला रक्तस्राव खूप होतो. हे इन्फ्युजन स्वस्तात कसं होईल, की नाद सोडून देऊ?"

उत्तर:

ताई, नाद सोडू नका. तुमचे आकडे बघता तुम्हाला लोहाचा फायदा व्हायची बरीच शक्यता आहे आणि तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलंय ते बरोबरच आहे. फक्त तुम्हाला जो आकडा सांगितला गेलाय त्यातला बराचसा खर्च लोहाचा नाहीच आहे, तो कॉटचा आहे, रात्रीचा आहे, आणि थोडा तुम्ही काहीच विचारलं नाही याचा आहे. मी बरीच वर्षं डे-केअर वॉर्डात नर्स होते, आयर्नच्या बाटल्या लावणं हे रोजचं काम, त्यामुळे हे बिल कुठून फुगतं ते मला चांगलं माहितीय. शेवटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, पण त्यांच्यासमोर काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असलं की निम्मं काम होतं.

सगळ्यात आधी ती सर्दीची गोळी बंद करा, आज रात्रीपासून. झोप आणणाऱ्या सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या (डायफेनहायड्रामिन वगैरे, ज्या घेतल्या की गुंगी येते त्या सगळ्या) रेस्टलेस लेग्ज वाढवतात. माणूस झोप येत नाही म्हणून गोळी घेतो, गोळीने डोळे जड होतात आणि पाय अजून वळवळतात, मग अजून एक गोळी, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय. उलटी-मळमळीवरची मेटोक्लोप्रामाइड पण तसंच करते, डिप्रेशनवरची बरीच औषधं पण करतात. यातलं काही चालू असेल तर ते मात्र स्वतःहून बंद करायचं नाही, ज्यांनी दिलं त्यांना विचारायचं की माझ्या पायांना त्रास होतोय, याला दुसरा काही पर्याय आहे का. संध्याकाळची कॉफी आणि दारू असेल तर तीही बंद करा. याला एक पैसा लागत नाही आणि काही लोकांचा बराचसा त्रास यानेच कमी होतो.

आता हिमोग्लोबिनचं. "नॉर्मल आहे" हे ऐकून तुम्ही गप्प बसलात आणि इन्शुरन्सवाल्यांनाही ते पुरलं, पण या आजारात हिमोग्लोबिन बघून काहीच ठरत नाही. हिमोग्लोबिन रक्तातलं लोह सांगतं, साठा किती उरलाय ते फेरिटिन सांगतं, आणि शरीर साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन शेवटपर्यंत सांभाळत राहतं. रेस्टलेस लेग्जमध्ये प्रश्न मेंदूतल्या लोहाचा आहे. मेंदूचे एमआरआय आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासून झालेल्या अभ्यासांत दिसलंय की या लोकांच्या मेंदूत लोह कमी असतं, अगदी रक्ताचे रिपोर्ट बरे असले तरी. डोपामिन (मेंदूत हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन) तयार व्हायला लोह लागतं, ते कमी पडलं की संध्याकाळनंतर हा गोंधळ सुरू होतो. आणि हे काही कालपरवाचं फॅड नाहीये बरं का, या आजाराला नाव देणारे स्वीडनचे डॉक्टर एकबोम यांनी 1945 मध्ये त्याच्यावर सविस्तर लिहिलं आणि तिथल्याच नॉर्डलँडर यांनी 1953 मध्ये शिरेतून लोह देऊन बघितलं, पेशंटना आराम पडला. तेव्हाच त्यांनी म्हटलं होतं की रक्तात लोह ठीक दिसलं तरी आत कमी असू शकतं. म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरांना हे नवीन वाटत असेल तर ते सत्तर वर्षांपूर्वीचं आहे.

लॅबच्या कागदावर फेरिटिनची नॉर्मल रेंज 15 किंवा 20 पासून सुरू होते, म्हणून 34 समोर काही खूण येत नाही. पण ती रेंज ॲनिमियासाठी आहे. रेस्टलेस लेग्जच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2018 मध्ये आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2025 मध्ये जे मार्गदर्शन छापलं त्यात मोठ्यांसाठी रेष 75 वर आहे. फेरिटिन 75 किंवा त्याखाली असेल, किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) 20 टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह द्यायचं, गोळीने किंवा शिरेतून. 75 ते 100 च्या मध्ये असेल तर गोळीचा उपयोग नाही, त्या पातळीला आतडी लोह फारसं घेत नाहीत, मग शिरेतूनच. हे दोन आकडे, 75 आणि 20, एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. पुढे प्रत्येक काउंटरवर लागतील.

तुमच्या पत्रात सॅच्युरेशन दिलेलं नाहीये. ते हवंच, कारण फेरिटिन एकट्यावर विसंबून चालत नाही, ताप, इन्फेक्शन, सांध्यांची सूज काहीही असलं की फेरिटिन खोटं वर जातं. वेगळी महाग टेस्ट करायची गरज नाही, सीरम आयर्न (रक्तात फिरणारं लोह) आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहायची एकूण क्षमता) हे दोन आकडे असले की घरी काढता येतं, आयर्नला टीआयबीसीने भागायचं आणि शंभरने गुणायचं. समजा आयर्न 58 आणि टीआयबीसी 385, तर झाले 15 टक्के, म्हणजे कमीच. रक्त सकाळी उपाशीपोटी द्यायचं, आदल्या दिवशी आयर्नची गोळी घ्यायची नाही आणि अंगात ताप-सर्दी असेल तर ती गेल्यावर द्यायचं, नाहीतर चुकीचा आकडा येतो आणि परत पैसे भरून परत सुई. एक उलटी बाजू पण आहे, सॅच्युरेशन 45 टक्क्यांच्या वर असेल तर लोह अजिबात घ्यायचं नाही, काही लोकांच्या शरीरात लोह जन्मतःच जास्त साठतं आणि त्यांना हे धोक्याचं आहे. म्हणून "पाय वळवळतात ना, मग घ्या आयर्न" असं टेस्टशिवाय कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आता थोडं स्पष्ट बोलते, रागावू नका. तुमचे तीन महिने गोळ्यांचे फुकट गेले यात तुमची काही चूक नाही, पण ती गोळ्यांची नीट परीक्षा झाली असं मी म्हणणार नाही. ॲसिडिटीची रोजची गोळी पोटातलं ॲसिड कमी करते, आणि लोह शोषायला तेच ॲसिड लागतं. त्यात जेवणानंतर. त्यात दिवसातून दोन. गोळी घेतली की शरीरात हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि साधारण दिवसभर पुढचं लोह आत येऊ देत नाही, त्यामुळे दुसरी गोळी बहुतेक नुसती बद्धकोष्ठ देऊन बाहेर पडते. नीट पद्धत म्हणजे एकच गोळी, दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड, सकाळी उपाशीपोटी, सोबत व्हिटॅमिन सी, आणि चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम हे सगळं दोन तास लांब. पाकिटावर "एलिमेंटल आयर्न" किती ते बघा, साधारण 65 मिलिग्रॅम हवं, फेरस सल्फेटच्या 325 च्या गोळीत तेवढं असतं. सगळ्यात साधी, सगळ्यात स्वस्त गोळी तीच आहे आणि रेस्टलेस लेग्जमध्ये तपासून बघितलेली पण तीच. टॉनिकच्या रंगीत बाटल्यांत बऱ्याचदा लोह नावालाच असतं.

मग तुम्ही आधी परत गोळ्या करायच्या का? पैसे खरंच नसतील तर हो, ॲसिडिटीची गोळी थांबवता येते का हे डॉक्टरांना विचारून (एकदम बंद केली की जळजळ उसळते, हळूहळू कमी करावी लागते) अजून तीन महिने नीट पद्धतीने घेऊन बघायला काहीच हरकत नाही, 75 च्या खाली गोळी चालू शकते. पण ॲसिडिटीची गोळी सुटणारच नसेल, किंवा रोजची रात्र अशीच जागून काढत असाल आणि दिवसा कामावर डोळे मिटत असतील, तर माझं मत इन्फ्युजनच्या बाजूने आहे. तीन महिन्यांत 34 चं 37 ही चाल पाहता, आणि पाळीला जास्त जातंय ते धरता, गोळीने 75 गाठायला तुम्हाला फार वेळ लागेल, आणि तोवर झोप नाही याची किंमत कुठल्याच बिलात दिसत नसली तरी ती आपणच भरत असतो.

तर आता बिल. ते घेऊन बसा आणि चार गोष्टी वेगळ्या करा: औषधाची किंमत, जागेचे पैसे, डॉक्टर-नर्सचे पैसे, टेस्टचे पैसे. एक रात्र ॲडमिट व्हायची अजिबात गरज नाही. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे शिरेतून द्यायचं लोह 1000 मिलिग्रॅम एका बैठकीत, साधारण पाव तासात जातं, त्यानंतर अर्धा तास बसवून बघतात आणि माणूस आपल्या पायाने घरी जातो. आमच्याकडे लोक सकाळी येऊन दुपारच्या कामाला जायचे. त्यामुळे पहिला प्रश्न हाच, "हे डे-केअरमध्ये होईल का?" त्याच हॉस्पिटलला विचारा, नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारा. मोठ्या हॉस्पिटलच्या आत जागेचे पैसे जास्त लागतात, तेच औषध स्वतंत्र इन्फ्युजन सेंटरला, छोट्या नर्सिंग होमला किंवा स्पेशालिस्टच्या क्लिनिकमध्ये (जिथे सोय आहे तिथे) बरंच कमी पडतं. सरकारी किंवा ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर तिथल्या रक्तविकार, किडनी किंवा स्त्रीरोग विभागात विचारा, न्यूरॉलॉजीत नको, कारण आयर्न रोज चढवतात ते हे तीन विभाग, खुर्च्या त्यांच्याकडे, सवय त्यांच्याकडे, आणि औषधाचा स्टॉक पण बहुतेकदा त्यांच्याकडेच.

दुसरा प्रश्न कुठलं आयर्न. इथे लोक फसतात, कारण काउंटरवर एका बाटलीची किंमत सांगतात आणि सगळ्यात कमी किंमतीची बाटली असते आयर्न सुक्रोजची. पण सुक्रोज एका वेळी 200 मिलिग्रॅमच्या आसपासच देतात, म्हणजे 1000 करायला पाच फेऱ्या, पाच वेळा सुई, पाच वेळा जागेचे पैसे, पाच वेळा कामावरून सुट्टी आणि जायचा-यायचा खर्च. हे सगळं जोडा आणि मग सांगा स्वस्त कुठलं. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट, रेस्टलेस लेग्जमध्ये सुक्रोजचा अनुभव फारसा चांगला नाही, 2009 ची एक चाचणी फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबवली होती. सुक्रोज लोह फार भरभर सोडतं, मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही असं तज्ज्ञ मानतात. 2025 च्या मार्गदर्शनात सुक्रोज सुचवलंय ते किडनी फेल असलेल्यांसाठी. ॲनिमियाला ते उत्तम औषध आहे, हजारो बाळंतिणींना त्याने उभं केलंय, पण तुमच्या पायांसाठी पैसे घालायचे तर त्यात घालू नका असं मी म्हणेन.

कार्बोक्सिमाल्टोजला या आजारात सगळ्यात भक्कम शिफारस आहे. ते महाग वाटतं तेव्हा दोन गोष्टी बघा, तुमच्याकडे त्याचे दुसऱ्या कंपन्यांचे ब्रँड मिळतात का, आणि डॉक्टर चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं नाव लिहून देतील का. 500 मिलिग्रॅमच्या दोन बाटल्या लागतात. हॉस्पिटलच्या आतल्या फार्मसीतूनच घ्या असा हट्ट असेल तर बाहेरून आणलेली चालेल का हे आधीच, लेखी विचारा, तिथल्या दारात भांडण नको. काही देशांत कंपन्याच गरजू पेशंटना औषधात मदत करतात, त्याचा फॉर्म डॉक्टरच्या ऑफिसमधून भरावा लागतो, आपण मागितल्याशिवाय कोणी काढत नाही.

आणि एक जुनं औषध आहे जे लोक विसरतात, लो मॉलिक्युलर वेट आयर्न डेक्स्ट्रान. हेही 1000 मिलिग्रॅम एका बैठकीत जातं, साधारण तासभर लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी एका ग्रॅमला सगळ्यात स्वस्त हेच पडतं. 2025 च्या मार्गदर्शनात तेही सुचवलेलं आहे. याचं नाव काढलं की जुने डॉक्टर दचकतात, त्याचं कारण याचा एक हाय मॉलिक्युलर वेट भाऊ होता ज्याने गंभीर रिॲक्शन यायच्या, तो बाजारातून गेला. लो मॉलिक्युलर वेटवालं घ्यायचं, आधी 25 मिलिग्रॅमची टेस्ट डोस देऊन थोडं थांबायचं आणि मग बाकीचं. दमा किंवा बऱ्याच औषधांची ॲलर्जी असेल तर मात्र हे आधी सांगा, तेव्हा कुठलंही आयर्न जरा जपूनच देतात. फेरुमॉक्सिटॉल नावाचं शिरेतलं लोह पण चालतं, फक्त ते घेतल्यावर तीन महिन्यांपर्यंत एमआरआयचे फोटो बिघडू शकतात, म्हणून पाठीचा-डोक्याचा एमआरआय व्हायचा असेल तर तो आधी उरकून घ्या.

फोनवर विचारायचं ते एकाच वाक्यात विचारा, म्हणजे टोलवाटोलवी होत नाही: "1000 मिलिग्रॅम फेरिक कार्बोक्सिमाल्टोज डे-केअरमध्ये, औषध, जागा, डॉक्टर, सामान सगळं धरून एकूण किती, आणि हे मेलवर पाठवाल का?" तीन-चार ठिकाणी हेच वाक्य. उत्तरांतला फरक बघून तुम्हाला धक्का बसेल.

इन्शुरन्सवर मला जरा जास्तच बोलायचंय कारण तिथे बायका फार लवकर माघार घेतात. तुमचा क्लेम "रेस्टलेस लेग्ज" या नावाने गेला असणार. आयर्न इन्फ्युजनच्या लेबलवर रेस्टलेस लेग्ज हे नाव नसतं, म्हणून तिथे बसलेला माणूस यादीत नाव शोधतो, सापडत नाही, आणि नाही म्हणून टाकतो. पण लोहाची कमतरता ही गोष्ट वेगळी आहे, ॲनिमिया नसलेली लोहाची कमतरता हे स्वतःचं निदान आहे. तुमचे आकडे बघून डॉक्टरांना ते पटत असेल तर त्यांना सांगा की पत्रात आधी ते लिहा आणि नंतर रेस्टलेस लेग्ज. काहीही खोटं लिहायचं नाही, हिमोग्लोबिन कमी दाखवायचं नाही, त्याची गरजही नाही. असं काहीसं पुरतं:

"पेशंटला लोहाची कमतरता आहे. फेरिटिन 37, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन अमुक टक्के. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तोंडाने लोह दिलं, फेरिटिन 34 वरून 37 इतकंच वाढलं. ॲसिडिटीच्या औषधामुळे शोषण नीट होत नसावं. पाळीत रक्तस्राव जास्त. सोबत रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, रोज रात्री त्रास. 2025 च्या मार्गदर्शनानुसार फेरिटिन 75 च्या खाली असताना शिरेतून लोह योग्य आहे."

दोन्ही रिपोर्ट जोडा, गोळ्यांची बिलं जोडा. कंपन्यांना बहुतेक वेळा हेच हवं असतं, की गोळी देऊन बघितली होती आणि ती चालली नाही, तारखांसकट. मंजुरी इन्फ्युजनच्या आधी मागा, नंतर नाही, आणि डे-केअर त्यांच्या पॉलिसीत बसतं का तेही त्याच वेळी विचारा. पहिल्यांदा नाही आलं तर कारण लेखी मागा आणि अपील करा. अपीलमध्ये डॉक्टर कंपनीच्या डॉक्टरशी फोनवर बोलू शकतात का हे पण विचारा, दोन डॉक्टर बोलले की आठवड्यांचं काम दहा मिनिटांत झालेलं मी बघितलंय.

काटकसर कुठे करायची नाही तेही सांगते. कमरेत घ्यायचं आयर्नचं इंजेक्शन स्वस्त पडतं म्हणून कोणी सुचवेल, ते घेऊ नका, दुखतं, कातडीवर काळपट डाग पडतो आणि शिरेतल्यापेक्षा सुरक्षित पण नाही. घरी येऊन कोणी बाटली लावून जातो म्हणाला तरी नको. खरी गंभीर ॲलर्जी फार क्वचित येते पण आली तर त्या क्षणाला हाताशी ॲड्रिनलिन, ऑक्सिजन आणि ते वापरता येणारं माणूस पाहिजे. आयर्न सलाईनमध्ये मिसळलं की बाटली गडद तपकिरी होते, आणि सुई शिरेतून जरा सरकून ते कातडीखाली गेलं तर तपकिरी डाग पडतो जो महिनोन् महिने, कधी कधी कायमचा राहतो. म्हणून आम्ही आधी साधं सलाईन सोडून सुई नीट बसलीय का बघायचो, कोपराच्या वळणावर सुई टाळायचो आणि पेशंटला सांगायचो की हाताला ठणकलं, जळजळलं तर लाजू नका, लगेच हाक मारा. तुम्हीही हाक मारा.

चालू असताना काही जणांना एकदम तोंड लाल होणं, छाती-पाठ आवळल्यासारखं होणं असं होतं. ही खरी ॲलर्जी नव्हे, यात बीपी पडत नाही, ओठ सुजत नाहीत, श्वासात घरघर नाही. बाटली थांबवली की थोड्या वेळात आपोआप जातं आणि हळू स्पीडने परत चालू करता येतं. अशा वेळी घाबरून ॲलर्जीचं इंजेक्शन ठोकायची सवय असते आणि काही ठिकाणी तर ते आधीच देऊन ठेवतात. तुम्ही सुई लावायच्या आधीच सांगून ठेवा, "मला रेस्टलेस लेग्ज आहे, गुंगी आणणारं ॲलर्जीचं औषध आणि मेटोक्लोप्रामाइड गरज नसताना देऊ नका." त्याच रात्री पाय तांडव करतील नाहीतर. प्रेग्नन्सीची शक्यता असेल तर तेही सांगा, पहिल्या तीन महिन्यांत शिरेतून लोह देत नाहीत, आणि ताप-इन्फेक्शन चालू असताना पण नाही.

आता ती पार्किन्सनची स्वस्त गोळी. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल असणार. पहिल्या रात्रीपासून जादूसारखी चालते, म्हणूनच मला तिची काळजी वाटते. महिने-वर्षं घेतली की बऱ्याच जणांत त्रास उलटा वाढतो, संध्याकाळी व्हायचं ते दुपारी व्हायला लागतं, पायांचं हातांत येतं, डोस वाढवत जावं लागतं आणि सोडायला गेलं की हाल होतात. शिवाय काही लोकांना या गोळीवर खरेदीचं, जुगाराचं वेड लागतं, स्वभावात नसलेलं. पूर्वी हीच गोळी पहिली द्यायचे, आता तज्ज्ञ ती सरसकट देऊ नका म्हणतात. लोह कमी असताना हा त्रास उलटायचा धोका जास्त असतो, म्हणजे तुमच्याबाबतीत तर लोह आधी भरणं आलंच. मधल्या काळात रात्र निभवायला गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबॅलिनबद्दल न्यूरॉलॉजिस्टना विचारा, तीही जेनेरिकमध्ये मिळतात. आणि वाचणाऱ्यांपैकी कोणी प्रामिपेक्सोलवर आधीच असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांबरोबर हळूहळू उतरवा.

इन्फ्युजन झाल्यावर दुसऱ्या दिवशी पाय शांत होतील अशी वाट बघू नका. साधारण चार ते सहा आठवड्यांनी फरक कळायला लागतो, काहींना बारा लागतात, आणि सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, हे पैसे भरायच्या आधी माहीत असावं. लागू पडलं तर काही महिने, कोणाला वर्षभर किंवा जास्त पुरतं. लगेच फेरिटिन करायला धावू नका, पहिले काही आठवडे ते उगाच फुगलेलं येतं, आठ ते बारा आठवड्यांनी सकाळी उपाशीपोटी करा. दुसरा डोस बारा आठवड्यांच्या आत नको. कार्बोक्सिमाल्टोजने काहींचं फॉस्फेट खाली जातं, म्हणून पुढच्या आठवड्यांत खूप थकवा, हाडं दुखणं, स्नायूंत ताकद नसल्यासारखं वाटलं तर "इन्फ्युजनचा अशक्तपणा असेल" म्हणून सोडून न देता फॉस्फेट तपासायला सांगा. एकदाच घेत असाल तर बहुतेकांना काही जाणवत नाही.

आणि इन्फ्युजनची तारीख घ्याल त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची पण घ्या. पाळीला जास्त जाणं हे तुमचं लोह कमी व्हायचं मुख्य कारण दिसतंय, ते तसंच राहिलं तर आत्ता भरलेला साठा वर्षभरात परत खाली आणि परत हेच बिल. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, हार्मोनची कॉपर-टीसारखी बसवायची वस्तू आहे, फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) आहे का ते सोनोग्राफीत दिसतं. तुम्ही रक्तदान करत असाल तर सध्या थांबवा. आणि हे पत्र घरातल्या एखाद्या पुरुषासाठी किंवा पाळी गेलेल्या बाईसाठी कोणी वाचत असेल तर त्यांचं फेरिटिन कमी असणं नुसतं भरून काढायचं नाही, पोटातून कुठे रक्त जातंय का हे आधी बघायचं.

सॅच्युरेशनचा आकडा आला आणि तीन-चार ठिकाणचे लेखी भाव हातात आले की मला परत लिहा, सोबत इन्शुरन्सचं नकाराचं पत्र पण पाठवा, अपीलचा मजकूर आपण मिळून नीट करू.